एरंडेल पाजलेले बूट

भिकन दगड झालाय, असं त्याची बायको बानाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पीठ संपलंय हे शेजारणीला सांगावं, तितक्या सहज. "वाढलं तर जेवतंय, नाय वाढलं तर मागत नाय. परवा चहात साखरंऐवजी मीठ पडलं, तरी कप खाली ठिवला नाय बाबानं. दगडच हाय." भिकन तिथंच खाटेवर बसून हे ऐकायचा. त्याला राग यायचा नाही की वाईटही वाटायचं नाही. बोलते ते खरं आहे, एवढंच त्याच्या मनात यायचं.

सातारा डोंगराच्या पायथ्याला, बीड बायपासच्या पलीकडं, एका अर्धवट इमारतीवर तो वॉचमन होता. इमारतीचं नाव इंग्रजीत होतं, कुठल्याशा हिरव्या दरीचं, आणि आवारात गवताची काडी औषधालाही सापडली नसती. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. गावाकडं विहिरींनी तळ दाखवलेला आणि इकडं औरंगाबाद डोंगराच्या अंगावर चढत निघालेलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांना प्यायला टँकर मिळत नव्हता, बांधकामाला मात्र रोज येत होता. बानाबाई त्याच साइटवर भिंतींना पाणी मारायच्या कामाला होती. "भिंतीचं नशीब बगा," ती म्हणायची, "दिवसातनं तीनदा आंघोळ!"

ह्याच माळावर एके काळी भिकन मेंढ्या घेऊन यायचा. जातीचा धनगर, लासूर स्टेशनच्या बाजूचा. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं. ज्याच्या रानात रात्रभर मेंढ्या बसवल्या, त्यानं लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरी परतायचं, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं चाललेलं. मेंढरांच्या बाबतीत भिकनचा शब्द भाऊबंदांत शेवटचा असे. "मी सांगतो" असं म्हणून त्यानं काही सांगितलं की पुढं कुणी तोंड उघडायचं नाही. माणसाला अशी सवय लागली की चुकायची पाळी येते तेव्हाही तो त्याच तोऱ्यात चुकतो.

तेच झालं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी, कापलेल्या ज्वारीच्या एका रानात, अवकाळी चार थेंब पडून खोडक्यांना कोवळा फुटवा आला होता. हा फुटवा उपाशी मेंढराला विष असतो, हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुलगी सत्यशीला तेव्हा कळपाबरोबर होती. ती म्हणाली, "आबा, फुटवा कवळा हाय. वळवू का मेंढ्या?" मेंढ्यांच्या पोटात कालपासून काही नव्हतं. भिकननं वाकून एक पान चुरगाळलं, त्याला ते सुकल्यासारखं, विष उतरल्यासारखं वाटलं. "चरू दे. काय होत नाय. मी सांगतो."

तासाभरात मेंढ्या धापा टाकत कोसळायला लागल्या. अर्ध्याहून जास्त कळप त्या रानात पाय झाडत गेला. उरलेला त्यानं लासूरच्या बाजारात विकला, एकेक मेंढी स्वतःच्या हातानं ट्रकात चढवली, आणि घरी येऊन नेहमीइतक्या भाकरी खाल्ल्या. बानाबाईला त्या भाकऱ्यांचंच भ्या वाटलं होतं. रडला असता, डोकं आपटून घेतलं असतं, तर तिनं समजावलं असतं. खाणाऱ्या माणसाला काय समजावणार?

तेव्हापासून हे असं. त्याची आई वारली. गावी जाऊन त्यानं खांदा दिला, तिसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर. आणि मत देणं तर त्यानं सोडूनच दिलं. भाजी कोणती करू, तर कोणतीही कर. पाऊस येईल का, तर काय माहीत. सत्यशीलानं एकदा मुद्दाम विचारलं होतं, "आबा, हे ढग पावसाचे हायेत का वाऱ्याचे?" आभाळाकडं नुसतं बघून पाऊस सांगणारा हा माणूस. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

सत्यशीला वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. ज्या गार्डाच्या भीतीनं बापानं जन्मभर जंगलाला वळसा घालून मेंढ्या नेल्या, त्याच गार्डाची खाकी पोरीला चढवायची होती. बानाबाईला याचं भारी हसू यायचं. "डोंगरात हिंडायचा पगार देत्यात म्हण! आमी फुकट हिंडत होतो तवा दंड लावला मेल्यांनी." पण मनातून तिला पक्कं कळत होतं की ह्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडायची दुसरी वाट नाही. वर्ष संपलं की इमारत पुरी होणार, आणि पुऱ्या झालेल्या इमारतीत त्यांना ठेवून घेणार कोण? पोरीचं वयही भरतीच्या काट्यावर आलं होतं. हे हुकलं तर पुढची भरती तिच्यासाठी नव्हती.

लेखी परीक्षा ती पास झाली. पुढं मैदानावरची धाव होती आणि सगळ्यात शेवटी डोंगरातली लांब चाल, ठरल्या वेळेत पुरी करायची. सराव ती सातारा डोंगरावर करायची, शाळेतले जुने पांढरे कापडी बूट घालून. त्या बुटांचा तळ झिजून भाकरीच्या तव्यासारखा गुळगुळीत झालेला. एक दिवस उताराच्या मुरमावरून ती घसरली आणि गुडघा फोडून आली. बानाबाईनं हळद दाबली आणि त्याच हातानं साठवलेले पैसे काढले. "जा, डोंगराचे बूट आण. आबाला घिऊन जा संगं."

"त्यांला कशाला?"

"पायातलं त्यांला कळतं. आन्‌ जरा हवा तरी लागंल त्या दगडाला."

शहरात कॅनॉटच्या बाजारातल्या बुटांच्या दुकानात भिकन एवढ्या थंडगार हवेत पहिल्यांदाच शिरला असेल. डोक्याला लाल पटका, पायात जाडजूड वहाणा. तिथं सुलेखा नावाची मुलगी कामाला होती. वाळूजच्या कामगार वस्तीतली, बोलायला चटपटीत. सत्यशीलानं डोंगर म्हटल्याबरोबर तिनं गुळगुळीत तळाचे बूट बाजूला सारले आणि वेगळेच काढले. "हे बघ ताई, याच्या तळाला ह्या जाड गुठळ्या आहेत ना, त्या मुरमात रुततात. पुढं बोटांवर टणक टोपी आहे, दगडाला ठेच लागली तरी बोट शाबूत. आणि तळ वाकवून बघ, मधे वाकत नाही, चवड्याशीच वाकतो. तसाच पाहिजे."

सत्यशीलानं एक जोड घातला, उभी राहिली, दोन पावलं टाकली. तोंडावर समाधान दिसलं. सुलेखानं बुटाचं टोक दाबून पाहिलं. "अंगठ्यापुढं एवढी जागा हवीच. उतरताना पाय पुढं सरकतो."

भिकन आतापर्यंत भिंतीशी उभा होता. तो अचानक पुढं आला, गुडघ्यावर बसला आणि पोरीचं पाऊल बुटासकट हातात घेतलं. मेंढीचा खूर बघायला उचलावा तसं. टाचेत बोट घालून पाहिलं, चवडा दाबला.

"ढिला हाय," तो म्हणाला.

दोघी मुली त्याच्याकडं बघायला लागल्या.

"पाय आत खेळतोय. डोंगरात ढिल्या जोड्यानं घोटा मुरगळतो, फोड येत्यात. याच्या खालचा नंबर दाव, बाई."

सुलेखानं खालचा नंबर आणला. सत्यशीलाचा पाय कसाबसा आत गेला. भिकननं पुन्हा टोक दाबलं. आता अंगठा टोकाला टेकला होता, आणि त्याला बरं वाटलं.

"काका, हा घट्ट होतोय," सुलेखा म्हणाली.

"घट्टच पायजे. वहाण नवी घेती का कुणी ढिली? आधी चावती, चार दिस रगात काढती. मंग तेल पाजायचं, पायात घालून हिंडायचं. एकदा पायाला बसली की जलमभर हालत नाय."

"ते चामड्याचं, काका. हे चामडं नाही. हे कितीही वापरा, सैल होत नाही."

"होतंय. पायाच्या उबंनं सगळं सैल होतंय. मी सांगतो."

सत्यशीला नाडी बांधत होती. तिचा हात थांबला. तिनं मान वर करून बापाच्या तोंडाकडं पाहिलं. मेंढ्या पडल्या त्या दिवसानंतर हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. भिकनला त्याचं काही भान नव्हतं. तो बुटाची शिवण निरखत होता, कपाळाला आठ्या घालून, जिवंत माणसासारखा.

"बसतोय," सत्यशीला म्हणाली. "हाच घेऊ."

"नक्की ना ताई?" सुलेखानं दोनदा विचारलं. तिला पोरीचा चेहरा दिसत होता. बापाला फक्त बूट दिसत होते.

घरी आल्यावर भिकननं एरंडेलाची बाटली आणली. रोज संध्याकाळी तो बूट मांडीवर घ्यायचा आणि कापडाच्या बोळ्यानं तेल चोळायचा. त्या जाळीदार कापडाला कसलं आलंय तेल पिणं! तेल वरच राहायचं, दुसऱ्या दिवशी डोंगराची सगळी धूळ त्याच्यावर चिकटायची, आणि निळ्या बुटांना शेणकुटाचा रंग चढायचा. बानाबाई कपाळाला हात लावायची. "अवो, बूट हायेत का भजी? किती तळताय?" तो मान न उचलता म्हणायचा, "तुला काय कळतं त्यातलं." हे ऐकून बानाबाई पडद्याआड जाऊन डोळे पुसून आली. दोन वर्षांनी नवरा तिच्यावर खेकसला होता.

तुमच्याआमच्या लक्षात आलंच असेल, पोरीच्या पायाचं काय होत होतं ते. भिकनच्या आलं नाही. सत्यशीला आता दिवसभर मोजे घालून राहायची, पाय पडद्याआड धुवायची. त्याला वाटलं, शहरातली रीत असेल. एका संध्याकाळी बानाबाईनं तिला गाठलं आणि मोजा ओढून काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं, शेजारच्या बोटाचं तर मुळातून हलत होतं.

"सांगती त्यांला," बानाबाई म्हणाली.

"नाय सांगायचं, माय. माजी आन हाय तुला."

"अगं पर पाय जातील तुजे!"

"नख परत येतंय. आबा परत गप झाले तर?"

बानाबाईनं हळद कालवली.

मैदानावरची धाव सपाट होती. तिथं बोटं पुढं आदळत नाहीत. सत्यशीला चांगल्या वेळेत आली. भिकननं त्या रात्री बुटांना जरा जास्तच तेल पाजलं.

लांब चालीची परीक्षा चौका गावाच्या पुढच्या डोंगरात होती. भिकन सुटी काढून बरोबर गेला. कुणी जा म्हटलं नव्हतं, आपणहून गेला. भल्या सकाळी पोरींचा घोळका निघाला आणि पहिल्या टेकाडामागं दिसेनासा झाला. वाट डोंगराला फेरा मारून समोरच्याच उतारावरून खाली येणार होती. पायथ्याला मांडव, एक पाण्याचा टँकर आणि दोन जीपगाड्या. आईबाप बाभळीच्या विरळ सावल्यांत बसले. भिकन उन्हातच उभा राहिला. ऊन लागतंय असं त्याला काही जाणवत नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तसे उतारावर ठिपके दिसायला लागले. पहिल्या पोरी खाली पोचल्या, टाळ्या झाल्या. वेळ संपल्याची शिट्टी वाजवणारा मांडवातला माणूस सारखा घड्याळात बघत होता. एवढ्यात भिकनला उताराच्या माथ्यावर एक पोरगी दिसली. तोंड ओळखू यायचं ते अंतर नव्हतं, पण जन्मभर ज्यानं मैलावरून कळपातली लंगडी मेंढी हेरली, त्याला चाल पुरते. सत्यशीलाच. झपाझप येत होती. पण पायात बूट नव्हते. नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवलेले.

भिकनला नवल वाटलं. बूट गळ्यात कशाला?

तेवढ्यात ती थांबली. तिनं कपाळावर आडवा हात धरून खाली पाहिलं. पायथ्याच्या त्या मळकट गर्दीत एकच लाल पटका उन्हात उभा होता. तो तिला दिसला. आणि ती तिथंच एका दगडावर बसली आणि बूट घालायला लागली.

मागून दोन पोरी तिला ओलांडून पुढं गेल्या. एकीनं हातानं खूण केली, चल म्हणून. सत्यशीला वाकलेलीच. एक पाय आत घातला तेव्हा तिची पाठ ताठ झाली आणि तशीच राहिली, काही वेळ. जखमेला हात लागल्यावर जनावर जसं श्वास धरून उभं राहतं, तसं. मग पाठ सैल झाली. मग दुसरा बूट उचलला.

भिकनला एकदम सगळं कळलं. दिवसभराचे मोजे. पडद्याआडचं पाय धुणं. दुकानात ती म्हणाली होती, बसतोय. ती दुकानातली मुलगी सांगत होती, हे सैल होत नाही. पोरगी वेळ घालवत होती, आयुष्यातली शेवटची भरती घालवत होती, कारण खाली बाप उभा होता आणि बापाला दिसायला नको होतं की त्याचा शब्द पुन्हा चुकला.

ओरडावं असं त्याला वाटलं. काढ ते, तशीच ये! पण ओरडलं तर तिला कळणार की आबाला कळलं. मग तिनं हे इतके दिवस सोसलं त्याची माती होणार. काय करावं? त्यानं डोक्याचा पटका ओढून काढला, काखेत कोंबला, आणि पाठ फिरवून चालायला लागला. घाईनं चालत तो टँकरच्या मागं गेला आणि तिथं दडला. उतारावरून आता तो कुणाला दिसणार नव्हता.

टँकरच्या गार ओल्या पत्र्याला त्यानं कपाळ टेकवलं. आता त्यालाही उतार दिसत नव्हता. छातीत काहीतरी दुखायला लागलं. आधी वाटलं ऊन लागलं. मग डोळ्यांसमोर ते ज्वारीचं रान आलं, एकेक मेंढी आली, पाय झाडणारी. पोरीची ती ताठ झालेली पाठ आली. लई दुखलं. दोन वर्षं कुठं दडून बसलं होतं कोण जाणे, एका दमात आलं. भिकन तोंडात पटक्याचा बोळा धरून रडला.

पलीकडं बायकांचा गलका उठला. "अगं ती बघ, ती बघ! बूट फेकले गं तिनं! अनवाणी पळत सुटली!" दगडांवरून खडखडाट आला, कुणीतरी नाव घेऊन ओरडलं, टाळ्या वाजल्या, आणि मग शिट्टी. भिकनची मान वळेना. टँकरचा ड्रायव्हर पायरीवर बसून हे बघत होता. भिकननं त्याच्याकडं तोंड केलं.

"आ गई, चाचा," ड्रायव्हर आपणहूनच म्हणाला. "शिट्टी के पहले आ गई. आपकी है क्या?"

"मेरीच हाय," भिकन म्हणाला. "बोलना मत."

"क्या नहीं बोलना?"

"मैं इधर था, वो."

ड्रायव्हरला काही समजलं नाही, पण त्यानं मान डोलावली. भिकन तिथंच थांबला. टँकरच्या चाकाआडून त्याला मांडव दिसत होता. सत्यशीला जमिनीवर बसली होती, तोंडावर पाणी मारत होती, आणि मान उंच करून इकडंतिकडं बघत होती. कुणीतरी तिचे बूट उतारावरून आणून दिले. तिनं ते पुढ्यात घेतले. पुन्हा चहूकडं नजर टाकली. मग दात आवळून एक घातला, दुसरा घातला, नाड्या बांधल्या. तिची शेवटची गाठ बसेपर्यंत भिकन हलला नाही. मग त्यानं तोंड धुतलं, पटका बांधला, लांबून वळसा घेऊन रस्त्याच्या बाजूनं आला.

"कुठं गेलते आबा?"

"चा प्यायला. फाट्यावर. झाली का तुजी चाल?"

"झाली. येळंत आले."

"आन्‌ बूट?"

"लई ब्येस," सत्यशीला म्हणाली. "आता बसले पायाला."

"मंग? मी म्हणलं नव्हतं?" असं म्हणून तो खाकरला आणि दुसरीकडं बघायला लागला.

जीप फाट्यावरून मिळणार होती, आणि फाटा चांगला लांब. सत्यशीला उठायला लागली. भिकन तिच्याआधी मटकन खाली बसला आणि त्यानं गुडघा धरला.

"माज्यानं चालवत नाय, सत्ये. कळ आली गुडघ्यात. तो टँकरवाला त्याच वाटंनं जाईल, त्याच्या केबिनीत बसून जाऊ."

"व्हय, आबा," ती लगेच म्हणाली, आणि त्याच्याशेजारी पाय लांब करून बसली.